अप्पांच्या पाच वस्तू

सहाना पहिल्यांदा घरी आली तेव्हा दसऱ्याला पाच आठवडे होते आणि पुनीतने अप्पांची खोली त्याच दिवशी सकाळी रिकामी केली होती.

सहाना एका शाळेत चित्रकला शिकवायची. उरलेल्या वेळात घराघरांतून टाकायच्या वस्तू गोळा करून त्यांतून पुतळे आणि मांडण्या करायची. बन्नीमंटपाच्या बाजूला राहणारी, म्हैसूरच्या जुन्या पलटणीतल्या घराण्यातली. तिचं मराठी निम्मं कन्नड होतं. तिचा एक नियम होता. भंगारवाल्याकडून ती काही घेत नसे. ज्या घरात वस्तू वापरली गेली तिथूनच घ्यायची, आणि प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधून तिच्यावर लिहायची, हे कोणाचं आणि कोणी दिलं.

ओट्यावर ढीग तयार होता. बंद पडलेला मिक्सर, टेबलफॅनची जाळी, कुकरच्या मुठी, कॅसेटींचं खोकं. ढिगापासून हातभर अंतरावर पुनीतच्या बायकोने, दीपश्रीने, अप्पांचं सामान नीट मांडलं होतं. गोधडीत गुंडाळलेली गादी, छत्री, चामडी चपलांचा जोड, काठी, पितळी तांब्या.

सहाना ओट्यावर बसून चिठ्ठ्या लिहीत होती.

"मिक्सर कोणाचा, अण्णा?"

"आईचा. ती जाऊन सहा वर्षं झाली."

"फॅन?"

"दुकानातला."

"आणि हे?"

"अप्पांचं."

सहानाने पेन खाली ठेवलं. त्या पाच वस्तूंकडे तिने क्रमाने पाहिलं. मग उठून पायांतल्या चपला काढल्या, ओट्याखाली ठेवल्या आणि वस्तूंना हात लावण्याआधी नमस्कार केला.

पुनीतला त्याच क्षणी कळलं. माणूस गेला की बाराव्या-तेराव्या दिवशी त्याच्या नावाने दान देतात: अंथरूण, छत्री, पादत्राण, काठी आणि पाण्याचं भांडं. पुढच्या वाटेला लागतात म्हणून. दुसऱ्या कोणी पाहिलं असतं तर त्याला जुनं सामान दिसलं असतं. त्या पाच वस्तू एका रांगेत पाहून सहानाला मेलेला माणूस दिसला. विचारायची गरज तिला वाटली नाही. असं कोणी विचारतही नाही.

"नाव काय लिहू?" ती हळू आवाजात म्हणाली.

"पांडुरंगराव."

"शिंपी होते ना, अल्वा? गोधडीचा टाका बघून कळतं."

"हो. साठ वर्षं मशीनवर होते."

ती चूक सुधारायला एक वाक्य पुरलं असतं. अप्पा आहेत. पण त्यापुढचा प्रश्न त्याला दिसत होता: मग जिवंत माणसाची काठी आणि चपला का देताय? त्याने मिक्सर उचलून तिच्या गाडीत ठेवला. सहाना निघाली तेव्हा तांब्या तिने डिकीत टाकला नाही, पुढे मांडीवर घेतला.

अप्पा, म्हणजे पांडुरंगराव, वय एकोणऐंशी, त्या वेळी नंजनगूड रस्त्यावर कडकोळच्या पुढे एका वृद्धाश्रमात होते. मे महिन्यापासून. घरी येणाऱ्यांना, विठ्ठल मंदिरात भेटणाऱ्यांना आणि दुकानाच्या गिऱ्हाइकांना पुनीत सांगायचा की अप्पा सरगूरला शांताक्काकडे गेलेत, तिथली हवा त्यांना मानवते. शांताक्का त्याची थोरली बहीण. तिला खरं माहीत होतं आणि तिने ते स्वतःजवळ ठेवलं होतं, कारण तिनेही त्यांना नेलं नव्हतं.

आश्रमात ठेवण्याची कारणं पुनीतने कोणाला सांगितली नसली तरी स्वतःला अनेकदा सांगितली होती. अप्पा दोनदा पडले होते. दीपश्री नोकरीला, मुलगी प्रार्थना दुसऱ्या पीयूसीत, म्हणजे बारावीत, दुपारी घरात कोणी नाही. ही कारणं खरी होती. पण एप्रिलमध्ये दुसरंच एक कारण घडलं होतं. पुनीत शाळांचे तयार गणवेश विकायचा. अप्पा रोज दुकानात येऊन बसायचे, आणि गिऱ्हाइकाने शर्ट हातात घेतला की तो त्याच्याकडून मागून घेऊन उलटा करून दाखवायचे. "बघा, काखेत एकच टीप. दिवाळीपर्यंत टिकला तर मला सांगा." एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिकेसमोर त्यांनी हे केलं आणि त्या शाळेची ऑर्डर गेली. पडण्याच्या दोन्ही घटना त्याच्या आधीच्या वर्षीच्या होत्या.

पोचवायला गेले त्या दिवशी पुनीत म्हणाला होता, "उन्हाळा आणि पाऊस तेवढा काढा, अप्पा. दसरा झाला की घरी." आश्रमात खाट, गादी, चालायला वॉकर आणि रबरी सपाता सगळं तिथलंच मिळत होतं, म्हणून घरचं सामान घरीच राहिलं. "राहू दे," अप्पा म्हणाले होते, "चार महिन्यांसाठी कशाला न्यायचं." दर रविवारी ते विचारायचे, खोलीतली खिडकी उघडतोस ना रे, ओल धरते. पुनीत सांगायचा, उघडतो. ऑगस्टमध्ये त्या खोलीत प्रार्थनाचं टेबल आणि पुस्तकांचं कपाट येणार ठरलं.

प्रदर्शनाचं आमंत्रण नवरात्र सुरू होण्याच्या दोन दिवस आधी फोनवर आलं. दीपश्रीने ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या उघडलं आणि बाहेर येऊन फोन पुनीतसमोर धरला.

"अहो, हे मामंजी आहेत?"

फोटोत स्टुलावर बसलेली एक आकृती होती. खाली कार्ड, कन्नडमध्ये. दिवंगत पांडुरंगराव, शिंपी.

"तुम्ही तिला काय सांगितलंत?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच बोललो नाही. तिचं तिने समजून घेतलं."

"आणि तुम्ही बघत बसलात."

"तू मांडलंस ते सगळं ओळीने. तुला कळलं नाही?"

"मी मांडलं ते कोणी पायाने उडवू नये म्हणून." तिने फोटो पुन्हा पाहिला. "मला नाही कळलं. खरंच नाही. तुम्हाला कळलं होतं."

पुनीतने फोन हातात घेतला. तो आमंत्रणाचा उरलेला मजकूर वाचत होता. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी दहा ते बारा प्रदर्शन फक्त शहरातल्या आणि आसपासच्या वृद्धाश्रमांतल्या मंडळींसाठी खुलं होतं. तीन आश्रमांची नावं होती. तिसरं अप्पांच्या आश्रमाचं. इतरांसाठी वेळ चारनंतरची, आणि सभागृह विठ्ठल मंदिरापासून चालत सात मिनिटांवर.

त्याने हिशेब केला. कार्डावरचा एक शब्द काढून भागणार नव्हतं. अप्पा आले तर आपली गोधडी, आपली काठी त्यांना दारातूनच ओळखू येईल. आणि त्या पाच वस्तू घराबाहेर एकत्र कधी जातात हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. मंदिरात येणाऱ्या निम्म्या घरांच्या दानाच्या गाद्या त्यांनीच शिवल्या होत्या. तो पुतळा तिथे असता कामा नये, एवढं एकच त्याला पाहिजे होतं.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी तो सभागृहात गेला. सहाना शिडीवर चढून दिवे फिरवत होती. त्याला पाहून उतरली.

"या अण्णा. तुम्ही आधी बघावं असं मला वाटत होतं."

आकृती मधोमध होती. छत्रीच्या काड्या वाकवून पाठ आणि बरगड्या केल्या होत्या, कण्याच्या जागी काठी. डोक्याच्या जागी तांब्या, किंचित डावीकडे कललेला. कुकरच्या मुठींचे हात. मांडीवरून जमिनीपर्यंत गोधडी उतरली होती. अप्पांनी गणवेशांच्या उरलेल्या तुकड्यांची शिवलेली, खाकी, गडद निळे, मरून चौकटीचे. आकृती तिच्यावर वाकून टाका घालत होती. समोर चपला, नुकत्याच काढून ठेवल्यासारख्या.

अप्पांना पुनीतने असं वाकलेलं जन्मभर पाहिलं होतं. तिने त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं.

"डावा खांदा पडका होता का त्यांचा?" सहानाने विचारलं. "चपलेची डावी टाच जास्त झिजलीय. म्हणून मी तो उतरवला."

"होता," पुनीत म्हणाला. त्याच्या लक्षात आलं की आपण 'आहे' म्हणू शकलो असतो.

मग त्याने तयार करून आणलेलं वाक्य म्हटलं. "सहाना, एक अडचण आहे. वर्ष झालेलं नाही अजून. वर्षाच्या आत त्यांच्या वस्तू अशा मांडणं घरच्यांना बरं वाटत नाही."

आतापर्यंत तो गप्प राहिला होता. या वेळी तो बोलला.

सहानाचा चेहरा उतरला. "अय्यो. चुकलं माझं. मी विचारायला पाहिजे होतं. आमच्यातही वर्ष पाळतात, मला कळायला हवं होतं." तिने दोन्ही हात जोडले. "तुमच्या मिसेसना सांगा, मनात काही ठेवू नका. सकाळी उघडायच्या आधी मी आत नेऊन ठेवते. सुटं करून सगळं परत देऊ?"

"नको. नंतर बघू."

"तुम्हाला त्रास झाला असेल बघून."

"नाही, नाही."

तिने त्याला पाणी दिलं. तो प्यायला. घरी जाऊन दीपश्रीला म्हणाला, काम झालं. तिने कसं झालं ते विचारलं नाही. रात्री त्याला झोप लागली, आणि चांगली लागली. पुढे त्याला ज्या गोष्टी आठवत राहिल्या त्यांत ही एक होती.

सकाळी साडेनऊला तो खात्री करायला गेला. मधली जागा रिकामी होती, नुसता स्टूल होता. आकृती बाजूच्या खोलीत नेलेली, दार ओढलेलं. तो परत निघाला आणि पायऱ्यांशीच आश्रमाची व्हॅन उभी राहिली. वीस मिनिटं लवकर.

अप्पा तिसरे उतरले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वॉकर. त्यांनी पुनीतला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"तुला कोणी सांगितलं रे आम्ही येणार म्हणून? मॅनेजरने फोन केला?"

पुनीतने मान हलवली. ती होकार की नकार, ते अप्पांनी पाहिलं नाही. मागून उतरणाऱ्या बाईंना ते सांगत होते. "इंदिराबाई, हा माझा मुलगा. दुकान सोडून आलाय."

"हाच का तो, दसऱ्याला नेणारा?" इंदिराबाई म्हणाल्या. "न्या बाबा लवकर. आमच्या सगळ्या ब्लाउजांत चुका काढून झाल्यात ह्यांच्या."

सहाना स्वागताला दारात आली होती. अप्पांनी वॉकरवरचा एक हात सोडून छातीशी नेला. "नमस्कार. मी पांडुरंगराव. टेलर. हा पुनीत माझाच."

सहाना काही क्षण त्यांच्याकडे पाहत राहिली. डाव्या खांद्याकडे. मग तिने पुनीतकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्याला उत्तर तरी देता आलं असतं. ती फक्त पडताळून पाहत होती, चिठ्ठीवर लिहिण्याआधी पाहायची तशी.

"या काका," ती म्हणाली. बाकीच्यांना तिने आत नेलं, कुकरच्या झाकणांचा मोर दाखवला, कॅसेटच्या फितीची वीणा दाखवली. अप्पा मधल्या रिकाम्या स्टुलापाशी थांबले.

"इथे काय होतं?"

पुनीत म्हणाला, "काही नाही, अप्पा. चला, तिकडे मोर आहे."

सहाना परत आली होती. ती पुनीतशी बोलली, अप्पांसमोर, हलक्या आवाजात. "अण्णा, एक काम आत ठेवलंय. तुमच्या सांगण्यावरून. काकांना दाखवू की नको, ते तुम्ही सांगा. मी आता अंदाज करणार नाही."

पुनीतने खाली पाहिलं. अप्पा एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होते. नको म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण नको म्हटल्यावर अप्पा विचारणार होते, का? आणि पुढचं खोटं त्याच्याकडे नव्हतं. नंतर स्वतःला तो सांगू शकला नाही की आपण खरं बोलायचं ठरवलं. तसं काही झालं नव्हतं. त्याचं खोटं संपलं होतं, एवढंच.

"दाखवा," तो म्हणाला.

बाजूच्या खोलीत आकृती दुसऱ्या स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. कार्ड तिच्या मांडीवर. सहानाने ती वळवली.

अप्पांनी प्रथम गोधडी पाहिली. वॉकर पुढे सरकवून तिचा काठ चिमटीत धरला, अंगठ्याने टाके चाचपले. मग चपला, मग काठी, मग छत्रीच्या काड्या. तांब्याला त्यांनी हात लावला नाही. कार्ड उचलून डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. कन्नड ते सावकाश वाचायचे.

इंदिराबाई दारात येऊन उभ्या होत्या, त्यांनी कार्ड पाहिलं आणि सवयीने बोलून गेल्या, "पांडुरंगराव, तुमचं उरकलं आणि आम्हाला जेवायला नाही बोलावलं?" मग आकृती पाहून दारातून मागे सरल्या.

"कावळा शिवला का रे?" अप्पांनी विचारलं.

"अप्पा..."

"लगेच शिवला की ताटकळत ठेवलं?"

"अप्पा, मी काही सांगितलं नव्हतं. ह्यांचा गैरसमज झाला."

"काल सांगितलंत," सहाना म्हणाली. "वर्ष झालं नाही म्हणालात."

अप्पांनी मान डोलावली, गिऱ्हाइकाने माप सांगितल्यावर डोलवायचे तशी. खुर्ची मागवून बसले. "खोलीत काय आहे आता?"

"प्रार्थनाचं टेबल. परीक्षा आहे तिची."

"खिडकी उघडते?"

"हो."

"बरं आहे."

"अप्पा, दसरा झाला की..."

"ते नको आता बोलूस." त्यांचा आवाज चढला नाही. "मंदिरात काय सांगितलंस? मेलो म्हणून?"

"नाही. सरगूरला आहात म्हणून. शांताक्काकडे."

"म्हणजे मंदिरातला सत्यनारायण तिथे फोन करत असेल आणि ती आंघोळीला गेलेत सांगत असेल." ते जरा हसले. ते हसणं पुनीतला सोसलं नाही. त्याने भिंतीकडे पाहिलं.

अप्पा सहानाकडे वळले. "बाई, काम चांगलं आहे तुमचं. पण हातशिलाई करताना शिंपी स्टुलावर बसत नाही. जमिनीवर, मांडी घालून. नाहीतर कापड लोळतं, बघा, लोळतंय."

"बदलते, काका."

"आणि हे आत का ठेवलंय? बाहेर मांडा."

"अप्पा, संध्याकाळी मंदिरातले सगळे येणार आहेत," पुनीत म्हणाला.

"म्हणूनच. कार्ड तेवढं नवं करा. कोरं आहे का एखादं?"

सहानाने कोरं कार्ड आणि जाड पेन आणलं. ती लिहायला बसणार तोच अप्पांनी हात वर केला. "त्याच्याकडे द्या. त्याचं अक्षर चांगलं आहे, मी शाळेत फी भरलीय. मराठीत लिही, आणि खाली कन्नडमध्ये."

पुनीतने कार्ड खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. अप्पा सांगत गेले, तो लिहीत गेला.

"पांडुरंगराव. शिंपी. वय एकोणऐंशी. लिहिलंस? मुक्काम..." इथे त्यांनी आश्रमाचं पूर्ण नाव सांगितलं, खोली क्रमांकासह. "नंजनगूड रस्ता, कडकोळच्या पुढे. मे महिन्यापासून. भेटायची वेळ रोज चार ते सहा."

'मे महिन्यापासून' लिहिताना पुनीतचा हात थांबला. अप्पा थांबून राहिले. त्याने लिहिलं. कन्नडमध्ये पुन्हा तेच सगळं लिहावं लागलं, आणि 'वृद्धाश्रम' हा शब्द दोन्हीकडे सारखाच होता.

"वस्तू कोणी दिल्या तेही टाक. बाहेरच्या कार्डांवर आहे, मी वाचलं."

पुनीतने आपलं नाव लिहिलं.

सहानाने आणि त्याने मिळून आकृती बाहेर आणली. मधला स्टूल काढून तिने ती जमिनीवर बसवली, काड्या नव्याने वाकवल्या. अप्पा बाजूला बसून सांगत होते, गुडघा खाली, अजून खाली. साडेअकराला व्हॅनवाल्याने हाक मारली. निघताना अप्पांनी सहानाला विचारलं, प्रदर्शन संपल्यावर ह्याचं काय करता? ती म्हणाली, तुम्ही म्हणाल ते.

"तांब्या पाठवा माझ्याकडे. तिथे प्लास्टिकच्या मगातून पाणी देतात. बाकी राहू दे."

पुनीत त्यांना व्हॅनपर्यंत सोडायला गेला. पायरीवर चढवताना त्याने काखेत हात दिला आणि अप्पांनी तो झिडकारला नाही, जसा व्हॅनवाल्याचाही झिडकारला नसता. दार लागण्याआधी ते म्हणाले, "चारला ये इथे. लोक कार्ड वाचतील आणि ह्या बाईंना विचारतील. त्यांनी का उत्तरं द्यायची?"

तो घरी गेला नाही. दीपश्रीचे दोन फोन आले, ते त्याने उचलले नाहीत. सहानाने डबा उघडून त्याच्यासमोर अर्धा भात ठेवला आणि आपला अर्धा पलीकडे शिडीवर बसून खाल्ला.

चार वाजता दार उघडलं. पहिल्याच घोळक्यात मंदिराचे सत्यनारायण होते, त्यांची सून, आणि समाजातली आणखी चार-पाच माणसं. ती पुतळ्यापाशी आली. कोणीतरी गोधडी ओळखली. सत्यनारायणांनी खिशातून चष्मा काढला, कार्डाशी वाकले आणि वाचू लागले. पुनीत भिंतीपाशी होता. दारापर्यंत वाट मोकळी होती. तो पुढे झाला, आकृतीच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि त्यांचं वाचून होण्याची वाट पाहू लागला. सत्यनारायणांनी मराठी वाचलं, मग खालचं कन्नडही पूर्ण वाचलं.